शार्लटचं हुकलेलं पदक

न्यूबेरी पदकाचा विषय निघाला की अमेरिकेतले बालसाहित्याचे वाचक १९५३ सालावर येतातच. त्या वर्षी पदक मिळालं ॲन नोलन क्लार्क यांच्या ‘सीक्रेट ऑफ द अँडीज’ला. ई. बी. व्हाइट यांच्या ‘शार्लट्स वेब’ची ‘ऑनर’वर बोळवण झाली. आज विल्बर हे डुकराचं पिल्लू आणि त्याचा जीव वाचवणारी शार्लट कोळीण जगभरच्या मुलांना ठाऊक आहेत. क्लार्क यांची कादंबरी मात्र शोधून वाचावी लागते.

एवढ्यावरून परीक्षकांना दोषी ठरवणं मला पटत नाही. बालग्रंथपालांची संघटना १९२२ पासून हे पदक देते आणि लोकप्रियता हा त्याचा निकष नाही, असं आजच्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे. ते योग्यच आहे. खपणाऱ्या पुस्तकाला पदकाची गरज नसते. शिवाय क्लार्क यांनी आदिवासी मुलांना अनेक वर्षं शिकवलं होतं. पेरूच्या डोंगरात लामा राखणाऱ्या कुसीची गोष्ट त्या संथपणे, आदराने सांगतात.

मतभेद तेव्हाही होतेच. लेखिका युडोरा वेल्टींनी ‘शार्लट्स वेब’ची मनापासून स्तुती केली, तर ॲन कॅरल मूर या वजनदार ग्रंथपालबाईंना फर्नचं पात्र अर्धवट सोडल्यासारखं वाटलं. फर्न खरंच मागे पडते. विल्बरला वाचवण्यासाठी बापाशी भांडलेली ही मुलगी पुढे जत्रेतल्या पाळण्यात रमते. पण मुलं मोठी होतात ती अशीच, आणि व्हाइट त्याबद्दल तिला जराही बोल लावत नाहीत.

माझं मत शार्लटलाच, तेही निव्वळ लेखनाच्या गुणावर. व्हाइट यांनी कोळ्यांचा बारकाईने अभ्यास केला होता, म्हणून शार्लट गोड बाहुली होत नाही. ती माश्यांचं रक्त पिते आणि तसं सांगतेही. अंडी घातल्यावर ती मरते, रिकाम्या जत्रेच्या मैदानात, एकटी. व्हाइट हे मरण मुलांपासून लपवत नाहीत आणि त्यावर प्रवचनही झोडत नाहीत.

ग्रंथपालांच्या त्याच संघटनेने १९७० मध्ये व्हाइटना वाइल्डर पदक दिलं. ते एका वर्षाच्या पुस्तकासाठी नसतं. बालसाहित्यातल्या टिकाऊ कामगिरीसाठी असतं.