मोटारगाडीची निगा

सर्वणसारख्या गावी मोटारगाडी ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. अपरात्री वेणा सुरू झालेल्या स्त्रीला म्हापशाच्या रुग्णालयात पोहोचवावयाचे असो, एखाद्या रोग्यास बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवावयाचे असो, की थकल्या आजीला रविवारच्या मिस्साला न्यावयाचे असो, घरची नाहीतर शेजाऱ्याच्या दारची गाडी हाच पहिला आधार असतो. त्या घटकेला गाडी सुरूच झाली नाही, तर हानी एकट्या मालकाची होत नाही. म्हणून गाडीची निगा राखणे हा कुटुंबाच्या कर्तव्याचाच एक भाग होय.

कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन आपण गाडी घेतो. मग तिचे बाह्यांग रोज पुसतो आणि अंतरंगाकडे मात्र ती बंद पडेपर्यंत पाहत नाही. वास्तविक गाडी वर्षांनी जितकी जुनी होते, त्याहून अधिक हेळसांडीने होते. अमेरिकेतील इर्व्ह गॉर्डन नावाच्या एका विज्ञानशिक्षकाने १९६६ साली व्होल्वो पी-१८०० ही गाडी घेतली. २०१३ साली त्याच गाडीने तीस लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. त्या शिक्षकाजवळ कोणतीही जादू नव्हती. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतील वेळापत्रक त्याने निष्ठेने पाळले, इतकेच.

त्या वेळापत्रकात पहिला मान तेलाचा. शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दाखला आपणा सर्वांस ठाऊक आहे. तेलाची तजवीज आधी न करणाऱ्या पाच जणींना दार बंद झालेले पाहावे लागले. इंजिनातील तेल धातूवर धातू घासू देत नाही, उष्णता वाहून नेते आणि काजळी आपल्यात सामावून घेते. म्हणूनच ते काळे पडते व त्याचा कस जातो. पुस्तिकेत सांगितलेले किलोमीटर अथवा महिने, यांपैकी जे आधी पुरे होईल तेव्हा ते बदलावे व त्याबरोबर तेलाचा फिल्टरही बदलावा. आठवड्यातून एकदा, गाडी सपाट जागी उभी करून व इंजिन थंड असताना, तेलाची पट्टी ओढून पाहावी. या कामास दोन मिनिटे पुरतात. तेलावाचून जळालेल्या इंजिनाच्या दुरुस्तीला मात्र कित्येक महिन्यांची बचत पुरत नाही.

डिचोली तालुक्यात दुसरा शत्रू म्हणजे लाल धूळ. इंजिन हवा आत ओढते तेव्हा ही धूळ एअर फिल्टरमध्ये अडते. फिल्टर चोंदला की इंजिनाचा जोर कमी होतो. फाटला की धूळ आत शिरून सिलिंडर खरवडते. ज्यांची गाडी खनिजाच्या व कच्च्या रस्त्यांवरून रोज जाते, त्यांनी तो पुस्तिकेतील मुदतीच्या आधीच तपासून घ्यावा.

तिसरा शत्रू पाऊस. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. असे ओलसर तेल चोर्ला घाटाच्या उतरणीवर तापले म्हणजे त्यात वाफ धरते, आणि पाय दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणून साधारणतः दोन वर्षांनी ते बदलून घेणे हिताचे. जूनपूर्वी टायरच्या खाचा, वायपरचे रबर आणि दिवे पाहून घ्यावेत. पावसाळाभर गाडीच्या पोटाखालचा चिखल धुऊन काढावा, कारण चिखलाखाली ओल राहते व ओलीखाली गंज वाढतो.

आपल्या तालुक्याने आणखी एक धडा डोळ्यांनी पाहिला आहे. २०१२ साली व पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा शेकडो ट्रक दारोदार उभे राहिले. हप्ते थांबले नाहीत, आणि यंत्रेही थांबल्या जागी सुरक्षित राहिली नाहीत. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एकाच जागी भार सोसून बिघडतात, ब्रेक गंजून धरतात, उंदीर वायरी कुरतडतात. परदेशी अथवा जहाजावर नोकरीस गेलेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. गाडीवर आच्छादन घालून निघून जाणे म्हणजे तिला जपणे नव्हे. घरच्या जबाबदार माणसाने आठवड्या-दोन आठवड्यांनी ती निदान वीस मिनिटे चालवून आणावी.

हे सारे स्मरणात राहावे म्हणून वाणसामानाच्या वहीशेजारी गाडीचीही एक वही ठेवावी. तेल कधी बदलले, बॅटरी केव्हा घेतली, टायरमधील हवा कोणत्या दिवशी पाहिली, याची तारीख व किलोमीटरसह नोंद करावी. ही वही मुलांच्या हाती द्यावी. हिशेब, काटकसर आणि दुसऱ्याच्या जिवाची काळजी हे तिन्ही संस्कार त्या एकाच वहीतून होतात. पुढे गाडी विकावयाची झाल्यास घेणाऱ्याचा विश्वासही तीच वही मिळवून देते.

२५ जुलै हा प्रवाशांचा पाठीराखा संत ख्रिस्तोफर याचा सण. तो भर पावसात येतो. आपण श्रद्धेने त्याचे पदक गाडीत लावतो, फादरांकडून गाडीला आशीर्वाद घेतो. हे योग्यच आहे. परंतु आशीर्वाद घेतलेल्या गाडीचे ब्रेक तपासून घेण्याचे काम परमेश्वराने आपल्यावरच सोपविले आहे. रस्त्याने शाळेत जाणारे दुसऱ्याचे लेकरूही त्याचेच आहे. झिजलेले ब्रेक ठाऊक असूनही गाडी हाकणे हा पाचव्या आज्ञेचा प्रश्न आहे, आणि त्याकडे गॅरेजातील खर्चाचा प्रश्न म्हणून पाहता येणार नाही. येत्या शनिवारी अर्धा तास काढावा, बॉनेट उघडावे आणि तेलाच्या पट्टीपासून प्रारंभ करावा.