अंतर जास्त, तरी वेळ कमी : दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानप्रवासाचे गणित

नवी दिल्ली : दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांमधील किमान हवाई अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. मात्र केवळ या आकड्यावरून प्रवासाला लागणारा वेळ सांगता येत नाही. तो वाऱ्याची दिशा आणि खुली असलेली हवाई हद्द यांवरही अवलंबून असतो.

पृथ्वी गोल असल्याने या शहरांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा उत्तर ध्रुवाच्या परिसरातून जाते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने मात्र याच्या उलट वाटणारा निर्णय घेतला. अटलांटिक महासागरावरील सुमारे १३,९०० किलोमीटरच्या मार्गाऐवजी विमान प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे १,४०० किलोमीटरने लांब होता. तरीही विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास आधी पोहोचले.

यामागचे कारण वारे हे होते. विमाने ज्या उंचीवरून उडतात, तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना ‘जेट प्रवाह’ म्हणतात. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला पाठीमागून ताशी १०० किलोमीटरचा वारा मिळाल्यास १२,००० किलोमीटरचे अंतर १२ तासांत पार होते. तोच वारा समोरून आल्यास १५ तास लागतात. पूर्वेकडे जाताना वेळ वाचतो तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे, हा समज चुकीचा आहे. पृथ्वीभोवतीची हवाही तिच्याबरोबरच फिरत असते.

दुसरा घटक हवाई हद्दीचा. युक्रेन युद्धानंतर रशियाची हद्द बंद झाल्याने युनायटेड एअरलाइन्सने मार्च २०२२ मध्ये हीच सेवा स्थगित केली. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय कंपन्यांना हद्द बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. एअर इंडियाच्या उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधन भरण्यासाठी व्हिएन्ना आणि कोपनहेगन येथे थांबावे लागले. असा वळसा म्हणजे अधिक इंधन, अधिक खर्च आणि पुढचे विमान चुकण्याची धास्ती.

तिकिटावरील वेळा वाचतानाही काळजी घ्यावी लागते. निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ भारताच्या मागे, उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास असते. त्यामुळे उन्हाळ्यात दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघून साडेचौदा तास उडालेले विमान तेथे त्याच दिवशी सकाळी ६ वाजता उतरते. कागदावर दोनच तास दिसतात. घरून निघालेल्या वृद्ध आईवडिलांसाठी मात्र तो अख्ख्या दिवसाचा प्रवास असतो.

म्हणूनच पुणे किंवा नागपूरहून दिल्लीमार्गे जाणाऱ्यांनी तिकीट काढताना अंतर नव्हे, तर एकूण प्रवासकाळ आणि वाटेतील थांबे पाहावेत, तसेच दोन विमानांमध्ये पुरेसा अवधी ठेवावा.