शस्त्रावरील विजेरी आणि सेल बदलण्याची सोय

विजेरी हे साधन आता खेड्यापाड्यांतूनही सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. मागचे झाकण फिरवावे, संपलेले सेल तळहातावर ओतावेत, नवे घालावेत आणि झाकण पुन्हा बसवावे, एवढे केले की ती पूर्ववत चालू होते. हे काम शाळकरी मूलही करते. परंतु हीच विजेरी पोलिसांच्या पिस्तुलाच्या नळीखाली किंवा रायफलीच्या अंगावर बसविली की, हे क्षुल्लक काम जोखमीचे होऊन बसते. कारण सेल बदलणाऱ्याच्या हातात तेव्हा नुसता दिवा नसतो, शस्त्र असते. म्हणूनच अशा दिव्याचा आराखडा करताना प्रकाश किती दूर जातो, या प्रश्नाइतकाच सेलचे दार कोठे ठेवावे, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

विजेरी आणि पोलीस यांचा संबंध जुना आहे. नळीच्या आकाराच्या विजेरीचे एकस्व डेव्हिड मिसेल यांना अमेरिकेत १० जानेवारी १८९९ रोजी मिळाले आणि आरंभीच्या काही विजेऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना देण्यात आल्या होत्या. त्या काळचे सेल इतके दुर्बळ होते की दिवा सलग लावता येत नसे. क्षणभर उजेड पाडून विझवावा लागे. विजेरी हातात धरली की एक हात अडकतो आणि रायफलीला तर दोन्ही हात लागतात, या अडचणीतून दिवा शस्त्रावरच बसविण्याची कल्पना पुढे आली. अमेरिकी लष्कराने १९९५ मध्ये शस्त्रांवर साधने बसविण्याच्या खाचेदार पट्टीचे प्रमाण निश्चित केले. त्यानंतर एकाचा दिवा दुसऱ्याच्या शस्त्रावर बसणे सोपे झाले आणि ही पद्धत तेथे झपाट्याने रूढ झाली. भारतातही विशेष सुरक्षा पथकांच्या शस्त्रांवर असे दिवे दिसतात. (रात्री विजेरीच्या झोतात रानातील जनावर टिपणे हा मात्र निराळा विषय होय. परवानगीवाचून वन्य प्राण्याची शिकार करणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग बंदुकीवर दिवा असो वा नसो.)

या दिव्यांत बहुधा घरगुती विजेरीचे सेल नसतात. लिथियमचे, तीन व्होल्टचे, सुमारे १७ मिलिमीटर जाडीचे व ३४ मिलिमीटर लांबीचे आखूड सेल त्यांत वापरले जातात. छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यांतून हे सेल प्रसिद्धीस आले. ते कपाटात दहा वर्षे टिकतात, कडाक्याच्या थंडीतही दगा देत नाहीत आणि लहान आकारात पुष्कळ शक्ती साठवितात. परंतु पिस्तुलावरचा प्रखर दिवा असे दोन सेल सव्वा ते दीड तासात संपवून टाकतो. याचा अर्थ असा की, जो शिपाई दिवा खरोखर वापरतो व त्याचा सराव करतो, त्याच्यावर सेल बदलण्याची पाळी वरचेवर येते.

दार कोठे असावे, हा विचार येथून सुरू होतो. रायफलीवरचा दिवा लांबट नळीसारखा असतो. त्याचे झाकण मागील बाजूस, म्हणजे वापरणाऱ्याकडे असते. ते फिरवून सेल मागे ओढून घेता येतात, हात नळीच्या तोंडासमोर जात नाही आणि दिवाही शस्त्रावरून उतरवावा लागत नाही. पिस्तुलावर इतकी ऐसपैस जागा नसते. तेथे दोन सेल शेजारी शेजारी झोपवून दिवा आखूड करावा लागतो आणि त्याची मागची बाजू चापाभोवतीच्या कड्याला जवळजवळ भिडते. दार मागे ठेवावे तर ते उघडण्यासाठी दिवाच उतरवावा लागतो. दार पुढे ठेवावे तर दिवा जागेवर राहतो, पण झाकण फिरविणारी बोटे पिस्तुलाच्या तोंडापाशी जातात. बाजूला ठेवावे तर दिवा रुंद होतो आणि पाणी आत शिरण्यास आणखी एक फट मिळते. सर्व दृष्टींनी निर्दोष अशी जागा नाहीच. काम करताना शस्त्र प्रथम रिकामे करावे, ही सूचना कोणत्याही आराखड्यात लागूच राहते. पण थकलेला माणूस अंधारात सूचना विसरतो, हे गृहीत धरून जो आराखडा करतो तोच खरा कारागीर म्हणावयाचा.

दिवा उतरविण्यात तरी काय बिघडते, असे कोणी विचारील. पहिली गोष्ट म्हणजे भरलेल्या पिस्तुलाच्या चापाजवळ बोटांची खटपट वाढते. चापाजवळ बोटांची हालचाल किती घातक ठरते, हे अमेरिकेत दिसून आले आहे: दिव्याचे बटण दाबू पाहणाऱ्या पोलिसांकडून नकळत चाप ओढला गेल्याच्या घटना डेन्व्हरच्या एका वृत्तपत्राने २०१४ मध्ये उजेडात आणल्या. दुसरी गोष्ट पिस्तुलाच्या म्यानाची. दिव्यासह पिस्तूल राहावे म्हणून बनविलेले म्यान पुष्कळदा दिव्यालाच पकडून धरते. दिवा काढला की पिस्तूल त्यात नीट अडकत नाही. आणि दिव्यात नेम धरण्याचा लेसर असेल, तर पुन्हा बसविताना त्याची रेघ किंचित हलू शकते व जुळणी तपासावी लागते. एवढा खटाटोप असला की माणूस सेल बदलणे उद्यावर ढकलतो. गैरसोयीचे दार असलेला दिवा शेवटी अर्धवट संपलेल्या सेलनिशी गस्तीवर जातो.

दार सोयीचे, पण ढिले, असेही चालत नाही. गोळी सुटताच शस्त्र झटक्याने मागे येते. आतले सेल मात्र जडत्वामुळे क्षणभर जागच्या जागी राहू पाहतात. स्प्रिंग दबते, स्पर्श तुटतो आणि दिवा लुकलुकतो. साधी विजेरी जोराने हलविली असता जे दिसते तेच येथे अधिक तीव्रतेने घडते. यासाठी स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. पण ती फार ताठ झाली तर हातमोजा घातलेल्या बोटांना झाकण बसविता येत नाही. पाणी रोखणारी रबरी कडीही अशीच घट्ट हवी, आणि तिला वंगण हवे. झाकण बिजागरीने किंवा दोरीने दिव्याशी जोडलेले असावे, कारण गवतात पडलेले सुटे झाकण अंधारात सापडत नाही. सेलची दिशा रंगाने दाखवून उपयोग नाही. ती बोटाला जाणवेल अशी उठावात हवी. धन बाजूचा स्पर्शबिंदू खोलगट ठेवला की उलट घातलेल्या सेलची सपाट बाजू तेथे पोहोचतच नाही. युक्ती अगदी साधी, पण फार गुणाची आहे.

आराखड्याने सर्व चुका टळत नाहीत. एक जुना व एक नवा सेल एकामागून एक जोडला, तर दुबळा सेल आधी संपतो आणि सबळ सेल त्यातून प्रवाह रेटतच राहतो, त्यामुळे दुबळ्या सेलचे धन-ऋण उलटे होते. लिथियमच्या सेलमध्ये यामुळे उष्णता वाढून वायू बाहेर पडतो, क्वचित स्फोटही होतो. म्हणून दोन्ही सेल एकदमच, एकाच प्रकारचे बदलावे लागतात. पुन्हा भरता येणारे त्याच मापाचे सेलही मिळतात, आणि येथे भांडारपालाची फसगत होण्यासारखी आहे: ते पूर्ण भरले असता प्रत्येकी ४.२ व्होल्ट देतात. दोन मिळून ८.४ व्होल्ट होतात, आणि सहा व्होल्टांसाठी बनविलेला दिवा त्याने जळू शकतो. माप जुळले म्हणजे सेल जुळला, असे नव्हे.

पुन्हा भरता येणारा दुसरा एक सेल १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असतो. पूर्वीच्या १७ मिलिमीटरच्या नळीत तो शिरत नसे. आता काही उत्पादक नळी थोडी रुंद करून, आतील विद्युत मंडलही दोन्ही दाबांवर चालेल असे करून, एकाच रायफली दिव्यात हा एक लांब सेल किंवा दोन आखूड सेल चालतील अशी सोय ठेवतात. सरावाला भरण्याचे सेल वापरावे व मोहिमेवर नवे लिथियमचे घालावे, असे त्यामुळे करता येते. ज्या दिव्यात सेल कायमचा बंद असून तारेने भरावा लागतो, त्यात दाराचा प्रश्नच उरत नाही. पण तो मध्यरात्री संपला तर भरेपर्यंत तो नुसते ओझे होतो.

असे दिवे मागविताना प्रकाशाच्या आकड्यांबरोबर आणखी थोड्या गोष्टी निविदेत विचारता येतील. दिवा न उतरविता सेल बदलता येतो का, हात कोणत्या बाजूने जातो, झाकण सुटे होते का, कोणते सेल घालू नयेत हे दिव्यावरच लिहिले आहे का आणि तो सेल तालुक्याच्या बाजारात मिळतो का. रिकाम्या शस्त्रावर, हातमोजे घालून, दिवा मालवून एका शिपायाला सेल बदलण्यास सांगितले, तर यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे पाच मिनिटांत मिळतात.