भाड्याचे खिळे

भोरला राजवाड्यापासून चार पावलांवर आमच्या वडिलांचा लहानसा छापखाना होता. पायाने चालवायचे ट्रेडल, लाकडी खणांत शिशाचे खिळे आणि भिंतीवर गणपती. खिळे झिजले की अण्णा ते मोडीत घालीत, वर थोडी भर टाकून नवे आणीत. “वस्तू झिजली तरी घरची असावी,” असे ते म्हणत. हे वाक्य मला पुढे फार महाग पडले!

ट्रेडल गेले, खिळेही गेले. मी आता लग्नपत्रिका नि दुकानांच्या पाट्या संगणकावर करतो. पूर्वी त्याची साधने एकदा विकत घेतली की आपली होत. २०१३ साली अडोबी कंपनीने ही रीत मोडली आणि नव्या आवृत्त्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. भाडे थांबले की साधन बंद! शिशाचे निदान मोडीत तरी चार पैसे येत. इथे मागे काय उरणार? म्हणून वाचकहो, कबूलच करतो, मी एका ओळखीच्याकडून फुकटची, म्हणजे सरळ चोरीची प्रत आणली.

“अहो, हे बरे का?” सौ.ने विचारले.

“सगळा बाजार तेच करतो,” असे सांगून मी चहा मागितला.

गेल्या साली वेल्ह्याच्या एका बचत गटाने इंद्रायणी तांदूळ विकायला काढला. आंबेमोहोराचा वास अंगी असलेले हे वाण १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आले आणि आमच्या मावळपट्ट्यात घरोघर रुजले. पाच किलोच्या पिशवीवर तोरणा आणि भाताची लोंबी असे चित्र मी काढून ठेवले होते. माल पुण्याच्या भीमथडी जत्रेत जायचा होता. आणि आदल्याच आठवड्यात एकही फाइल उघडेना! चोरीच्या प्रतीचे कुलूप काढायला जी ‘किल्ली’ घेतली होती, तिच्यातूनच चोर घरात शिरला होता. सगळ्या फायलींना कुलपे घालून तो खंडणी मागत होता.

बायकांनी तांदूळ कोऱ्या पिशव्यांतून नेला. गटाच्या ताई एवढेच म्हणाल्या, “दादा, तांदूळ चांगला व्हता, नाव तेवढं राह्यलं.” त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

मुलगी पुण्याहून आली ती वही घेऊनच बसली. “बाबा, कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ब ठाऊक आहे? जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरला तर ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. आणि आजोबा घरची वस्तू म्हणायचे. ही घरची कुठे होती?”

मग आम्ही वर्षाची कामे मांडली. दहातली नऊ साधी होती. चित्रांना व पत्रिकांना इंकस्केप, छायाचित्रांना गिंप, पानांच्या जुळणीला छपाईचे चार रंग जाणणारा स्क्रायबस. सारे मोफत आणि कायदेशीर. अक्षरांसाठी ‘मुक्ता’सारखे मोफत युनिकोड फॉन्ट. दहावे काम स्मरणिकेचे, त्याला पुण्याचा छापखाना भाड्याच्याच प्रोग्रामातली फाइल मागतो. तेवढ्यापुरते महिन्याचे भाडे भरायचे आणि ते बिलात दाखवायचे, असे ठरले. मात्र सही करण्याआधी करार वाचावा. हप्ता महिन्याचा पण बांधिलकी वर्षाची, आणि मध्येच सोडल्यास दंड, असाही प्रकार असतो.

फुकटालाही मोल पडतेच. पहिले दोन महिने हात अडखळले; तासाच्या पत्रिकेला दिवस गेला. पण रात्री झोप लागू लागली.

यंदा नव्या भाताआधीच पिशव्या छापून आल्या. मजुरी मी घेतली नाही. नमुन्याची एक पिशवी सौ.ने घडी घालून अण्णांच्या तसबिरीखाली ठेवली. ती काही बोलली नाही. मीही चहा मागितला नाही.