सामुदायिक आरोग्य पाहणी

एखाद्या गावातील, तालुक्यातील किंवा जिल्ह्यातील सर्व लोकांचे आजार, मृत्यू व त्यांची कारणे, तसेच उपलब्ध आरोग्यसेवांचा प्रत्यक्षात होणारा उपयोग यांची पद्धतशीर चौकशी करून उपाययोजनांचा अग्रक्रम ठरविण्याच्या कार्यास सामुदायिक आरोग्य पाहणी म्हणतात. रुग्ण वैद्याकडे आपण होऊन येतो. समाज तसा येत नाही. दवाखान्याच्या नोंदवहीत केवळ आलेल्यांची गणना असते. जे अंतरामुळे, खर्चामुळे, लज्जेमुळे किंवा भीतीमुळे येत नाहीत, ते या पाहणीचा मुख्य विषय होत.

भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानंतर भारतात प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे उभारले गेले. सर्वसाधारण भागात ३०,००० व आदिवासी किंवा डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र आणि अनुक्रमे ५,००० व ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा मानदंड आहे. महाराष्ट्रात या केंद्रांचा कारभार जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे असून गावपातळीवरील माहिती प्रामुख्याने उपकेंद्रातील परिचारिका गोळा करते. कुटुंबनियोजनाची वरून ठरवून दिलेली लक्ष्ये १९९६ मध्ये रद्द झाली व १९९७ पासून उपकेंद्राने गावाच्या गरजा पाहून आपला आराखडा स्वतः करावा, अशी पद्धत सुरू झाली. लक्ष्य दिलेले असले की नोंदवही लक्ष्याप्रमाणे भरते, हा त्यापूर्वीचा अनुभव होता.

पाहणीचा पहिला टप्पा घरोघरच्या याद्यांचा असतो. कोणतेही प्रमाण काढण्यास एकूण लोकसंख्या अचूक ठाऊक असावी लागते, आणि नेमकी तीच मिळविणे कठीण असते. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्यातील गडचांदूरसारख्या सिमेंट उद्योगाच्या गावी ही अडचण ठळकपणे दिसते. अशा ठिकाणी कामासाठी बाहेरून आलेली कुटुंबे यादीतून सहज निसटतात. दुसरीकडे माणिकगड डोंगराच्या परिसरातील कोलामांचे छोटे गुडे मोठ्या गावाच्या सरासरीत दिसेनासे होतात. प्रथम बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या स्त्रीचे अपत्य सासरच्या यादीत धरावे की माहेरच्या, हे आधी ठरविले नाही, तर ते दोन्हीकडे मोजले जाते वा कोठेच मोजले जात नाही. शिवाय ३,००० वस्तीच्या उपकेंद्रात वर्षाला अर्भकमृत्यू इतके थोडे होतात, की दोनाचे चार झाले म्हणून परिस्थिती दुपटीने बिघडली असे म्हणता येत नाही. त्यासाठी अनेक वर्षांचे किंवा अनेक गावांचे आकडे एकत्र करावे लागतात.

पाहणीची वेळही रोगाच्या स्वभावानुसार ठरते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत आढळणाऱ्या हत्तीरोगाचे सूक्ष्मकृमी रात्री बाह्य रक्ताभिसरणात येतात. त्यामुळे रक्तनमुने रात्रीच, साधारणपणे आठ ते बाराच्या दरम्यान घेतात. दिवसा केलेली तपासणी रोगग्रस्त गावालाही निर्दोष ठरवील. [⟶ हत्तीरोग, हिवताप].

नुसत्या तक्रारी विचारून भागत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण गडचिरोलीचे आहे. हा जिल्हा चंद्रपूरमधून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. तेथे १९८६ पासून राणी बंग व अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने काम सुरू केले. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचा त्यांचा अहवाल १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ५५ टक्के स्त्रियांनी काही तक्रार सांगितली, ४५ टक्क्यांनी कोणतीच सांगितली नाही. तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. अंगावरून पांढरे जाणे हे बाईच्या जन्माचेच एक दुखणे मानून निमूटपणे सोसले जाते, तेथे रुग्णालयाच्या आकड्यांवरून हा प्रश्न अस्तित्वातच नाही असे वाटणे स्वाभाविक होते.

नवजात मृत्यूंचेही असेच आहे. घरी जन्मून काही तासांत दगावलेल्या बालकाचा जन्म आणि मृत्यू दोन्ही अनेकदा नोंदविले जात नाहीत, किंवा ते ‘मेलेलेच जन्मले’ असे सांगितले जाते. १९६९ च्या कायद्याने जन्म-मृत्यूची नोंद सक्तीची असूनही हे घडते. अशा वेळी गावात राहणाऱ्या प्रशिक्षित स्त्रीने गरोदर बायांची आधीच यादी करणे, बाळंतपणानंतर लगेच घरी जाणे आणि मृत्यू झाल्यास मातेला शेवटच्या दिवसांतील लक्षणे क्रमाने विचारून कारणाचा अंदाज बांधणे हा मार्ग उरतो. ही चौकशी दुःखाच्या घरात करावयाची असल्याने अनोळखी माणसापेक्षा गावातील बाईच तिला योग्य ठरते.

‘सर्च’ने १९९३ ते १९९५ या काळात ३९ प्रयोगाच्या व ४७ तुलनेच्या गावांत प्रथम अशी मोजणी केली. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युमान दर हजारी ६२ होते. श्वासावरोध, कमी वजन, शरीर थंड पडणे, स्तनपानातील अडचणी आणि जंतुसंसर्ग यांवर घरीच उपचार सुरू केल्यावर तिसऱ्या वर्षी ते २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ते जवळजवळ बदलले नाही. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालकांची देखभाल हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात रुग्णालयात जन्मलेल्या बालकासाठी सहा व घरी जन्मलेल्यासाठी सात भेटी ठरविल्या आहेत.

पाहणीतील माहिती गावाला परत कळविणे हा तिचा बराच दुर्लक्षित भाग होय. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत महाराष्ट्रात २००७ मध्ये पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीस आरंभ झाला. तीत गावकऱ्यांच्या समित्या सेवांना गुण देतात व जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडतात. व्यक्तिगत माहिती मात्र गुप्त ठेवावी लागते. विदर्भातील आदिवासी व इतर काही समाजांत आढळणाऱ्या दात्र-कोशिका पांडुरोगाच्या (सिकलसेल) पाहणीत एखादी मुलगी वाहक असल्याचे बाहेर फुटले, तर तिचे लग्न मोडण्याचा संभव असतो आणि पुढील खेपेस ते घर रक्त देण्यास नकार देते.