व्हाळात उतरताना अंगावर काय घालावं

मृगाचे मोठे पाऊस पडून गेले, व्हाळ खळाळू लागले, की तळकोकणात रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं कुर्ल्या धरायला बाहेर पडतात. डुकरं, ससे, भेकरं यांच्या शिकारीवर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आली. भर पावसात करायची शिकार म्हणून गावात आता राहिलीय ती कुर्ल्यांची आणि चढणीच्या माशांची. मी सिंधुदुर्गात अशा रात्री बऱ्याच हिंडलो आहे. रेनकोट विकत घेताना आपण जे पाहतो आणि व्हाळात जे लागतं, त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो हे तिथे पटतं.

आधी काम नीट पाहू. कुर्ली बॅटरीच्या झोतात सापडली की क्षणभर जागच्या जागी थबकते. तेवढ्यात मागून हात घालून पाठीच्या कवचावर दाब द्यायचा आणि डेंग्यांच्या मागे दोन्ही बाजूंनी चिमटीत उचलायची. ती दगडाखाली अर्धी शिरलेली असली तर कोपरापर्यंत हात पाण्यात जातो. इथेच बाजारातला नेहमीचा रेनकोट हरतो. मनगटाला इलॅस्टिक असलेली बाही पाण्यात बुडली की आतून भरते, आणि हात वर घेतला की ते गार पाणी कोपरावरून सरळ काखेत उतरतं. शिवाय लांब कोट घालून उकिडवं बसलं की त्याचा घोळ प्रवाहात तरंगतो, पायात येतो. शेवाळलेल्या कातळावर पायात अडकणारं काहीही नको.

माझ्यासोबत असणाऱ्या एका आबांच्या अंगावर युरियाच्या रिकाम्या पोत्याची खोळ असते. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसायचा, डोक्यावर टोप होतो आणि पाठ झाकली जाते. बाह्यांचा प्रश्नच नाही. पुढून अंग भिजतं, त्याची त्यांना पर्वा नसते. ‘‘पाठ सुकी रवली काय माणूस थंडीन् काकडना नाय,’’ असं ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. वाकलेल्या माणसाच्या पाठीवर पाऊस सर्वांत जास्त झोडपतो. लावणीच्या वेळी बायका घालत असत ते बांबूच्या कामट्यांचं आणि पळसाच्या पानांचं इरलं याच हिशेबाने घडलेलं होतं: पाठ झाकलेली, हात मोकळे. पण ते मोकळ्या मळ्यातलं साधन आहे. व्हाळाकाठच्या झाडीत ते पावलोपावली अडकेल. धनगरांची घोंगडी मला फार आवडते. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ओल शोषूनही ओली लागत नाही, आणि भिजली तरी ऊब देते. उभं राहून मेंढरं राखणाऱ्याला तिच्यासारखं पांघरूण नाही. व्हाळात मात्र ती पाणी पिऊन जड होते.

आता दुकानातल्या रेनकोटकडे वळू. लेबलवर 5,000 किंवा 10,000 मिलिमीटर असं काही लिहिलेलं असतं. कापडावर पाण्याचा केवढा उंच स्तंभ उभा केला तर पाणी झिरपू लागेल, त्याचा हा आकडा. दहा हजार म्हणजे दहा मीटर. नुसता पाऊस एवढा दाब देत नाही. दाब येतो तो सॅकच्या पट्ट्याखाली आणि टेकलेल्या गुडघ्याखाली. खरी गळती कापडातून होतही नाही. शिवणीत सुईने पाडलेली भोकं आणि चेन, पाणी या दोन वाटांनी आत येतं. म्हणून दुकानात कोट उलटा करून बघावा. आतल्या प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली आहे का, खांद्यावर आणि टोपाच्या सांध्यात ती सुटू लागली आहे का, हे बोट फिरवून तपासावं. मी आकड्यापेक्षा या तपासणीला जास्त मानतो.

श्वास घेणाऱ्या कापडाची मोहिनी मोठी आहे. 1969 मध्ये बॉब गोर यांना टेफ्लॉनच्या जातीचं पॉलिमर झटक्याने ताणून त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं आणण्याची युक्ती सापडली, आणि त्यातून गोर-टेक्स आलं. पाण्याचा थेंब आत शिरत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. पण वाफ बाहेर जायला आतली आणि बाहेरची हवा यांत फरक हवा. स्कॉटलंडच्या गारठ्यात तो भरपूर असतो. आषाढातल्या कोकणात बाहेरची हवाच उबदार आणि ओलीचिंब, मग वाफ जाणार किती? त्यात वरचं कापड भिजून चपचपीत झालं की उरलासुरला मार्गही जवळजवळ बंद होतो. महागडं जॅकेट घालून, चढ चढताच आतून घामाने निथळणारे ट्रेकर मी सह्याद्रीत पुष्कळ पाहिले आहेत. आपल्याकडे काखेखाली उघडणाऱ्या चेनी आणि अंगापासून सुटा राहणारा ढगळ कोट जास्त उपयोगी पडतो. आत सुती बनियन नको, पटकन वाळणारा पॉलिएस्टरचा टी-शर्ट हवा.

आवाजाचा विचार तर दुकानात कुणी करतच नाही. टोप डोक्यावर घेतला की थेंबांचा तडतडाट कानात एवढा भरतो, की व्हाळाचा बदललेला सूर ऐकू येत नाही. वर डोंगरात मोठी सर कोसळली की पाणी गढूळ होतं, त्याचा आवाज जड होतो. हे वेळेत कळणं जिवाच्या गरजेचं आहे. म्हणून मी टोप मागे टाकतो आणि पुढे झाप असलेली टोपी घालतो. चष्माही वाचतो, कानही मोकळे राहतात.

तेव्हा माझी निवड अशी: कमरेच्या जरा खाली येणारं, मऊ कापडाचं, कोपरापर्यंत बाही सारता येणारं जॅकेट. रंग भडक, म्हणजे अंधारात सोबत्याला आपण दिसतो. खाली हाफ पँट, कारण गुडघ्याखाली भिजायचंच आहे. गमबूट नकोत. ते पाण्याने भरले की पाय उचलत नाही. त्यापेक्षा पाणी निथळून जाणाऱ्या, पट्टा घट्ट बसणाऱ्या रबरी सँडल बऱ्या. पायाला जखम किंवा खरचटलेलं असेल तर मात्र त्या रात्री पाण्यात उतरूच नये. लेप्टोचे जंतू त्याच वाटेने शिरतात आणि सिंधुदुर्गाने त्यापायी माणसं गमावली आहेत.



घरी आल्यावर जॅकेट गोड्या पाण्याने धुऊन पडवीत, सावलीत, आतली बाजू बाहेर करून टांगावं. ओलं घडी घालून पिशवीत कोंबलं की आतला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत चिकट होतो, पुढे पापुद्रे धरून सुटतो. तसं झालं की मग ते दुरुस्त होत नाही.