सांता मोनिकाच्या धर्मभगिनी

पुण्यात ‘कॉन्व्हेंट’ म्हटलं की इंग्रजी शाळा डोळ्यांपुढे येते. लग्नाच्या जाहिरातींनी त्या शब्दाला आणखी भाव दिला. मूळ अर्थ मात्र मठ. संत डोमिनिक यांनी दक्षिण फ्रान्समधल्या प्रुई गावी 1206 साली धर्मभगिनींचा मठ काढला. पुरुषांच्या डोमिनिकन संघाला पोपची मान्यता मिळाली ती त्यानंतर दहा वर्षांनी. म्हणजे या घराण्यात थोरलं घर बायकांचं!

डोमिनिकन साधू 1548मध्ये गोव्यात आले, पण तिथे बायकांचा मठ उभारला तो ऑगस्टिनियन पंथाने. नियमांचं मूळ एकच. डोमिनिकनही संत ऑगस्टीनचीच नियमावली पाळतात. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी 1606 साली जुन्या गोव्यात पायाभरणी केली, 1627मध्ये काम संपलं. मठाला नाव दिलं संत ऑगस्टीनच्या आईचं, सांता मोनिका. इमारत जांभ्या दगडाची, तीन मजली. 1636मध्ये ती आगीत सापडली, पण लगेच पुन्हा बांधली गेली.

इथे येत त्या बहुतेक पोर्तुगीज घरांतल्या मुली आणि विधवा. येताना हुंडा आणायचा, म्हणजे देवाच्या दारीही हुंडा चुकला नाही. मठाची संपत्ती वाढत गेली, तशी नगरसभेने थेट राजाकडे गाऱ्हाणी नेली. एकदा आत गेलेली बाई मरेपर्यंत बाहेर येत नसे. कुणाला तो तुरुंग वाटेल. पण ज्या काळी बाईपुढे लग्न नाहीतर माहेरची वळचण एवढंच होतं, त्या काळी वाचायला-लिहायला, गायला आणि घराचा कारभार बायकांनीच चालवायला मिळणारी जागा दुसरी कुठली होती? बेबिंका हे थरांचं गोड पक्वान्नही इथल्याच एका भगिनीने शोधलं, असं गोव्यात सांगतात. दंतकथाच ती, पण गोड आहे.

पुढे 1834मध्ये पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले. पुरुषांचे मठ रिकामे करून सरकारजमा झाले. बायकांना मात्र हाकललं नाही. फर्मान असं होतं, की आहेत त्यांनी राहावं, नव्या कुणाला घेऊ नये, आणि शेवटची भगिनी गेली की कुलूप लावावं. वरवर दयाळू वाटणारं हे फर्मान मला हाकलण्यापेक्षा निष्ठुर वाटतं. घरात नवं माणूस येणार नाही, आहे ते एकेक करून उठून जाणार, आणि दाराशी सरकार वाट पाहत बसलेलं. बाहेरचं शहरही साथींनी ओस पडलं होतं. 1843मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. प्रार्थनेला एका सुरात म्हणणारे गळे कमी कमी होत गेले. शेवटची भगिनी वारली 1885 साली. म्हणजे हे वाट पाहणं एक्कावन्न वर्षं चाललं.

नंतर तिथे सैनिक राहिले. 1964मध्ये ‘मातेर देई’ संस्था सुरू झाली आणि धर्मभगिनी पुन्हा त्या वास्तूत आल्या. चर्चच्या भागात 2002पासून ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. ते नव्याने मांडून 2022मध्ये पुन्हा खुलं झालं. आता तिकीट काढून कुणालाही आत जाता येतं, आणि बाहेरही येता येतं.